कादंबरीकार दळवी कुठे गेले?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जयवंत दळवी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेले लेख मी लक्षपूर्वक वाचले. लेख आपुलकीने लिहिले आहेत आणि छायाचित्रेही चांगली निवडली आहेत, याबद्दल आपले आभार. तथापि, या सर्व लेखांत एक विभागणी गृहीत धरलेली दिसते: ‘ललित’ या साहित्यविषयक मासिकात ठणठणपाळ या नावाने लिहिणारे विनोदकार दळवी वेगळे, ‘संध्याछाया’ आणि ‘पुरुष’चे नाटककार दळवी वेगळे, आणि या दोघांच्या मागे कुठेतरी, एका परिच्छेदापुरते, कादंबरीकार दळवी. हा क्रम मला उलटा वाटतो. दळवींच्या नाटकांत जे टिकून राहिले आहे, ते त्यांच्यातल्या कादंबरीकाराने दिलेले आहे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

दळवींचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ चा, मृत्यू १६ सप्टेंबर १९९४ चा. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे त्यांचे गाव. मुंबईत त्यांनी आधी वृत्तपत्रांत काम केले आणि नंतर अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या कार्यालयात दीर्घकाळ नोकरी केली. नाटककार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७३ साली रंगमंचावर आलेल्या ‘संध्याछाया’मुळे, म्हणजे ते पन्नाशीला टेकलेले असताना. तोपर्यंत ‘चक्र’, ‘सारे प्रवासी घडीचे’, ‘महानंदा’ ही पुस्तके येऊन गेली होती. एखादा लेखक पन्नाशीच्या उंबरठ्यावर नाटकाकडे वळतो, तेव्हा तो रिकाम्या हाताने येत नाही. मागच्या सगळ्या लेखनातली माणसे बरोबर घेऊन येतो. आपल्या पुरवणीत या आधीच्या लेखनाला ‘पूर्वतयारी’ म्हटले आहे, ते मला पटले नाही. १९६३ च्या ‘चक्र’मधली मुंबईची झोपडपट्टी, तिथली अम्मा आणि बेनवा ही कशाचीच पूर्वतयारी नव्हती. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला ज्या वस्तीजवळून जाताना नाकाला रुमाल लावण्याची सवय होती, त्या वस्तीत दळवींनी त्याला आत नेऊन बसवले. या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी केलेला हिंदी चित्रपट १९८१ साली आला आणि त्यातील भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा उल्लेख पुरवणीत आहे. पण कादंबरीविषयी एक वाक्यही नाही, हे चमत्कारिक आहे.

आता नाटकांकडे येतो. ‘बॅरिस्टर’ हे १९७७ चे नाटक दळवींनी स्वतःच्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून लिहिले. विजया मेहता यांचे दिग्दर्शन आणि विक्रम गोखले यांची मध्यवर्ती भूमिका यांबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नाटकाचे बळ केवळ प्रयोगात नव्हते. विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेची भाषा मनापासून बोलणारा एक माणूस, त्याच्या वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून राहणाऱ्या तरुण राधेला वैधव्य आल्यावर तिचे केशवपन होऊ नये म्हणून पुढे सरसावतो आणि तिला पत्नी म्हणून स्वीकारण्याचा प्रश्न उभा राहताच अडखळतो. घराण्यात वेड आहे, ते आपल्यातही उतरेल, ही भीती त्याला आतून खात असते. एखाद्या प्रचारकी लेखकाने या विषयाचे विधवाविवाहावरचे बोधपर नाटक केले असते. दळवींनी तसे केले नाही, कारण कादंबरी लिहिताना ते त्या वाड्यात राहून आले होते. तिथला काळोख, बॅरिस्टरच्या मावशीचे सोवळे आणि तिची माया, घरातल्या वेड्याची सावली हे सारे त्यांना आधीच माहीत होते. रंगमंचासाठी त्यांना फक्त वगळायचे होते. वगळण्याचे हे काम किती अवघड असते, ते ज्यांनी कादंबरीची नाट्यरूपांतरे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. बहुतेक रूपांतरे कादंबरीतल्या ठळक घटना उचलतात आणि माणसे मागे सोडतात. ‘बॅरिस्टर’मध्ये घटना मोजक्याच आहेत आणि माणसे मात्र जवळजवळ संपूर्ण. पुढे याच नाटकावरून विजया मेहता यांनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातील सहायक भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगमंचावरून पडद्यावर जाऊनही ते घर उभे राहिले, याचे श्रेय मी मूळ बांधणीला देतो.

(‘महानंदा’चे उदाहरण वेगळे आहे. त्या कादंबरीवरचे ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक शं. ना. नवरे यांनी लिहिले. दोन लेखकांचे हात एकाच कथेवर कसे वेगळे चालतात, हे पाहण्याची इच्छा असणाऱ्याने कादंबरी आणि नाटक दोन्ही एका आठवड्यात वाचावीत.)

‘संध्याछाया’ मात्र स्वतंत्र नाटक. तरीही कादंबरीकाराची सवय इथेच अधिक दिसते, असे माझे मत आहे. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. नाटक म्हणून पाहिले तर बराच वेळ काहीच घडत नाही. दोन म्हातारी माणसे दिवस ढकलत असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहण्याची धडपड करीत असतात. हा संथपणा सांभाळण्याचे धैर्य केवळ नाटकाच्या तंत्रातून येत नाही. आपल्या एका लेखात या नाटकाचा सारांश ‘परदेशी गेलेल्या कृतघ्न मुलांची कहाणी’ असा दिला आहे. मला त्यास तीव्र हरकत घ्यायची आहे. नाटकात मुले खलनायक नाहीत. मुलगा दूर आहे, त्याचे आयुष्य तिकडे उभे राहिले आहे. दुसरा तर परत येऊच शकत नाही. दोषी शोधून त्याच्यावर रागावण्याची सोय दळवी प्रेक्षकाला देत नाहीत, म्हणून शेवटचा झोपेच्या गोळ्यांचा निर्णय इतका असह्य होतो. ‘नातीगोती’मध्येही तेच. मतिमंद मुलाला सांभाळणाऱ्या काटदरे दांपत्याच्या थकव्याबद्दल दळवी बोट दाखवत नाहीत. दिलीप प्रभावळकर यांचे काटदरे आणि अतुल परचुरे यांचा बच्चू पाहिलेल्या प्रेक्षकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सगळीच नाटके या उंचीची आहेत, असा माझा दावा नाही. नाना पाटेकर यांच्या गुलाबरावामुळे ‘पुरुष’ प्रचंड गाजले, बलात्काराचा विषयही धगधगता होता. पण गुलाबराव हा पहिल्या प्रवेशापासून पुरता नीच आहे आणि नाटक त्याच्या शिक्षेकडे सरळ रेषेत धावते. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात त्या सुडाला. ‘बॅरिस्टर’ लिहिणाऱ्या लेखकाने या माणसाच्या घरातही थोडा वेळ बसायला हवे होते, असे मला प्रत्येक वेळी वाटते. ज्या नाटकांत दळवींनी कादंबरीकाराला बाहेर उभे केले, ती नाटके अधिक गाजली असतील, पण वाचताना पातळ लागतात.

राहता राहिला ठणठणपाळ. व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांनी हाती हातोडा देऊन चितारलेला हा काल्पनिक साहित्यिक ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरातून मराठी लेखक, प्रकाशक, संमेलने आणि सत्कार यांची वर्षानुवर्षे टर उडवत होता. त्यालाही नाटककारापासून तोडता येत नाही. लोकांच्या ढोंगाचा त्याला जो वास येतो, तोच वास बॅरिस्टरच्या सुधारकी भाषणांमागेही आहे. फक्त तिथे दळवी हसत नाहीत.

आता एक विनंती. शताब्दीच्या निमित्ताने नाटकांचे प्रयोग आणि चर्चासत्रे झाली, ते ठीकच झाले. पण ‘चक्र’ किंवा ‘अंधाराच्या पारंब्या’ वाचलेला तरुण वाचक शोधावा लागतो. आपण पुरवणीत काही आठवडे ठणठणपाळाचे निवडक उतारे छापावेत आणि त्याखाली थोडक्या टिपा द्याव्यात, कारण त्या विनोदातली निम्मी गंमत तेव्हाच्या साहित्यिक वर्तुळाची माहिती असल्याशिवाय आजच्या वाचकाला कळत नाही. त्याच्या शेजारी ‘अंधाराच्या पारंब्या’तील एखादे प्रकरण आणि ‘बॅरिस्टर’मधला त्याच प्रसंगाचा प्रवेश समोरासमोर छापता आला, तर मी वर जे मांडले आहे ते वाचकांना स्वतःच पडताळून पाहता येईल. हक्कांची परवानगी प्रकाशकांकडून घ्यावी लागेल, हे मला ठाऊक आहे. आपल्या दैनिकाने विचारणा केली तर ती नाकारली जाईल असे वाटत नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, वेंगुर्ले