लेकीच्या एम.पी.टी.चा हिशोब

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

साडेचार वर्षांची बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) संपवून नोकरीला लागलेल्या तुझ्या लेकीला आता एम.पी.टी.ला, म्हणजे त्याच विषयाच्या पदव्युत्तर पदवीला, घालावे की नाही, हे तू फिजिओथेरपीत आयुष्य काढलेल्या मला विचारलेस, म्हणून आधी पैशांचेच लिहितो.

वर्षाला ३ लाख याप्रमाणे दोन वर्षांचे ६ लाख शुल्क तू धरलेस, परंतु तिचा महिना १८ हजारांचा पगार दोन वर्षे बुडणार आहे, ते ४ लाख ३२ हजारही खर्चातच धर. शिक्षण कोल्हापुरातच झाले तर राहण्या-जेवण्याचा खर्च वाचेल, ही गोष्ट लहान नाही.

शुल्कासाठी काढायच्या कर्जाची मला अधिक काळजी वाटते. हप्ता बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढते. दरवर्षी ३ लाख उचलले आणि दर १० टक्के असला, तर साध्या व्याजानेही पहिल्या वर्षी ३० हजार व पुढील दोन वर्षी ६०-६० हजार, असे दीड लाख मुद्दलात मिसळतात आणि सात वर्षांच्या फेडीचा हप्ता महिना सुमारे १२,४५० रुपयांवर जातो. तेच व्याज तू वेळच्या वेळी भरत राहिलास, तर हप्ता ९,९६० च्या आसपास राहील. पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी एवढे कर.

आता कमाई. मी पदव्युत्तर पदवी घेऊन परतलो तेव्हा एका रुग्णालयाने पगारात अवघे ४ हजार वाढवले होते. ते मला फार लागले. पदवीचे मोल पगारपत्रकात नव्हे, तर तिसऱ्या वर्षी दिसले, कारण तोवर पक्षाघाताचे रुग्ण डॉक्टर विश्वासाने माझ्याकडे धाडू लागले होते. सकाळी घरी जाऊन चार रुग्ण पाहायचे, प्रत्येकी ५०० रुपये, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५० हजार. त्यातून पेट्रोल वजा. महाविद्यालयात शिकवण्याची वाटही याच पदवीने उघडते.

म्हणून शाखा निवडताना घाई नको. आपल्याकडे तालमींतले गुडघे-खांदे दुखावलेले मल्ल येतात, पण दुखणे थोडे कमी झाले की ते पुन्हा आखाड्यात उतरतात. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र महिनोन्महिने उपचार लागतात. पन्हाळ्याकडच्या एका आजींनी चौथ्या महिन्यात चहाचा कप स्वतःच्या हाताने ओठांपर्यंत नेला, तेव्हा त्यांच्या सुनेसोबत माझेही डोळे भरून आले होते. पोरीचा ओढा अशा कामाकडे असेल, तर न्यूरो (मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांच्या) शाखेसाठी हे कर्ज घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ पगार वाढावा म्हणून घेऊ नये.

सही करण्यापूर्वी बँकेचे मंजुरीपत्र घेऊन रविवारी ये, व्याजाची कलमे दोघे मिळून वाचू. तिलाही सोबत आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बालमित्र