कोफी म्हणजे आपला शुक्र्याच

महोदय,

बाळासाठी ‘युनिक’ नाव शोधत रात्र-रात्र मोबाइल चाळणाऱ्यांनी जरा घानाकडेही पाहावे. तिथल्या अकान लोकांत जन्मवारावरूनच नाव पडते. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अट्टा अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, वार अर्थातच शुक्रवार. ‘अट्टा’ म्हणजे जुळ्यांपैकी एक. त्यांना जुळी बहीण होती. नावातच अर्धी पत्रिका म्हणा ना! आपल्या डहाणू-जव्हारकडच्या आदिवासी पाड्यांवरची सोम्या, मंगळ्या, बुधी, शुक्र्या ही नावेही याच रीतीची. आमच्या वर्गात मात्र हजेरीला ‘शुक्र्या’ आले की खसखस पिकायची. हसणाऱ्यांत मीही होतो.

– एक वाचक, पालघर