पाळण्याजवळच्या मशीनबद्दल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बाळाचं नाक चोंदतं हे ऐकून तुम्ही राजारामपुरीत जाऊन ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं मशीन, घेऊन आलात, पाळण्याशेजारी टेबलही मांडून ठेवलंत. फार बरं वाटलं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी पडते, तेव्हा त्याचा उपयोग होईल. थंड वाफेचं घेतलंत हेही चांगलं केलंत. गरम वाफेच्या मशीनने लहान मुलं भाजतात.

पण दुकानदाराने पाण्यात निलगिरीचे थेंब आणि कापूर टाकायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. कापूर तान्ह्या बाळाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं म्हणतात ते यासाठीच. निलगिरीच्या उग्र वासानेही बाळाचा श्वास अडखळू शकतो. मशीनमध्ये फक्त पाणी.

मी यावर इतकी अडून बसलेय त्याला कारण आहे. दक्षिण कोरियात 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक बाजारात मिळायचं. टाकी स्वच्छ राहावी म्हणून आईबाप ते मुलांच्या खोलीत वापरत. 2011 मध्ये उघडकीला आलं की त्यानेच फुफ्फुसं निकामी होत होती. तान्ही मुलं गेली, गरोदर बायका गेल्या. फरशी पुसायला चालणारं औषध बारीक तुषारांतून थेट फुफ्फुसात उतरलं की विष होतं. त्यामुळे डेटॉल, फिनेल, सुगंधी तेल, काहीच नको.

मग टाकी स्वच्छ कशी ठेवायची? हे काम बाबा, तुमच्याकडे. साचलेल्या पाण्यात जंतू आणि बुरशी धरते आणि मशीन तेच हवेत उडवतं. रोज सकाळी प्लग काढून पाणी ओतून द्या, टाकी धुऊन कोरडी पुसा, रात्री ताजं पाणी भरा. दर तीन दिवसांनी पांढऱ्या व्हिनेगरने आतला थर काढा आणि वास जाईपर्यंत खळबळून धुवा. बोअरचं पाणी नकोच. नळाला काळम्मावाडी धरणाचं पाणी येतं, ते प्यायला चांगलं, पण त्यातल्या क्षारांची पांढरी पूड हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात उत्तम, नाही मिळालं तर फिल्टरचं आरओ पाणी. उकळून जंतू मरतात, क्षार तसेच राहतात.

टेबल पाळण्यापासून चार-पाच फूट लांब सरकवा आणि वाफेचं तोंड पाळण्याकडे किंवा भिंतीकडे नको. वायर कपाटामागून घ्या, आता आपलं बाळ रांगत सगळीकडे पोचतं.

एक छोटा आर्द्रता मोजणारा मीटर मी घेऊन येते. काटा 30 ते 50 टक्क्यांत असला म्हणजे झालं. 50 च्या वर गेला, काचेवर पाणी धरलं किंवा दुपटं ओलसर लागलं, की मशीन बंद. आपल्या पेठेतल्या जुन्या भिंतींना पावसाळ्यात तशीच ओल येते, तेव्हा हे मशीन लावायचंच नाही.

आई, तुझ्याशी धुरीबद्दल बोलायचंय. ओवा-वावडिंगाच्या धुरीत मी वाढले, तुझ्या मायेवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी निखाऱ्याचा धूर त्याच्या इवल्या छातीला सोसत नाही. न्हाऊ घालून कोरडं पुसून तुझ्या कुशीत घे, तेवढी ऊब पुरते. पातेल्यातली वाफही नको. नाक चोंदलं तर डॉक्टरांनी दिलेले सलाईनचे थेंब दूध पाजण्याआधी घाल.

हे मशीन औषध नाही, एवढं दोघांनी लक्षात ठेवा. तो शांत असताना मिनिटभर श्वास मोजायचे. 50 किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा तो दूध ओढेना, तर माझ्या फोनची वाट न बघता तडक डॉक्टरांकडे न्या.

बाबा, मशीनच्या खोक्यातलं माहितीपत्रक टाकून देऊ नका. त्यात फिल्टर आहे का आणि तो कधी बदलायचा, ते बघून मला कळवा, म्हणजे येताना नवा घेऊन येईन.

तुमची लेक