मोड आलेले मूग आणि लोहाची गोळी

अमळनेर

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुझा रक्ताचा रिपोर्ट आईने वाचून दाखवला. हिमोग्लोबिन साडेनऊ. तुझ्या वयाच्या मुलीचं ते बाराच्या खाली असू नये, म्हणून काळजी वाटते. फोनवर तू विचारलंस, "आबा, रोज मोड खाल्ले तर गोळ्या सोडल्या तर चालतील का?" याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

गोळ्या सोडायच्या नाहीत. डॉक्टरांनी जितके महिने सांगितलेत तितके घ्यायच्या. मुगात लोह आहे, पण इतकं खाली गेलेलं रक्त वाटीभर उसळीने भरून निघत नाही. तरी तू मोड खा असंच मी सांगेन, कारण त्यांचं काम वेगळं आहे.

दाण्यात पुढच्या रोपासाठी फॉस्फरस साठवलेला असतो, तो फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतं, आणि आपल्या आतड्यांना ते फारसं सोडवता येत नाही. म्हणून कडधान्यातलं बरंचसं लोह पोटात जाऊनही अंगी लागत नाही. दाणा भिजून अंकुरला की त्याच्यातलं फायटेझ नावाचं विकर कामाला लागतं आणि हे आम्ल फोडायला सुरुवात करतं. सगळं जात नाही, पण कमी होतं. शिवाय कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं. मोड येता येता दाणा ते स्वतः तयार करतो, आणि वनस्पतीतलं लोह शोषून घ्यायला क जीवनसत्त्वाची मोठी मदत होते. लोह, त्याची वाट अडवणारं आम्ल आणि ती मोकळी करणारं जीवनसत्त्व, या तिन्हींचा हिशोब भिजवून मोड आणल्याने बदलतो. विज्ञान शिकवताना मला या धड्याचं फार अप्रूप वाटायचं.

हे क जीवनसत्त्वाचं प्रकरण शंभर वर्षांपूर्वीच तपासून झालं आहे. पहिल्या महायुद्धात ताजी भाजी-फळं न मिळालेल्या सैनिकांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं. हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोघी लंडनमध्ये त्यावर काम करत होत्या. कोरड्या कडधान्याने हा रोग टळत नाही, मोड आणलेल्याने टळतो, हे त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून 1919 साली मांडलं.

तुला मठाच्या (मटकीच्या) उसळीने पोट फुगतं म्हणून तू ती टाळायचीस. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. आपल्याला त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू होतो. अंकुर वाढताना याच शर्करा वापरतो, त्यामुळे मोड नीट आलेला मठ पोटाला हलका पडतो. भिजवलेलं पाणी मात्र ओतून देत जा.

आता जे खरं नाही तेही सांगतो. मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात, असं बरेच जण ठासून सांगतात. होत नाहीत. दाणा पाणी पिऊन फुगतो, प्रथिन जवळपास तेवढंच राहतं, आणि वाटीने मोजलं तर उलट कमीच भरतं. पचायला थोडं सोपं होतं, एवढंच. बी-12 देखील मोडांतून मिळत नाही, त्यासाठी दूध-दही चालू ठेव.

आणि कच्चे मोड खाऊ नकोस. तुझ्या रूममेटने डब्यातले मोड कांदा-टोमॅटो घालून तसेच खायला शिकवलंय, हे आईकडून कळलं. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, आणि ते दाण्याच्या सालीतच बसलेले असतील तर नळाखाली धुऊन जात नाहीत. 2011 साली जर्मनीत कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, हजारो माणसं आजारी पडली आणि पन्नासच्या आसपास दगावली. तपास मेथीच्या बियांपर्यंत गेला. तुझ्या अंगात आधीच ताकद कमी आहे, त्यात जुलाब-उलट्या नकोत. चांगली वाफ येऊन आतपर्यंत गरम होतील इतके शिजव. क जीवनसत्त्व थोडं कमी होईल, ते खाताना वरून लिंबू पिळून भरून काढायचं. लिंबू शिजवताना घालू नकोस.

राजमा तर वाफेवर ठेवायचाच नाही. त्याला मोड आणले तरी भरपूर पाण्यात चांगली दहा मिनिटं खळखळ उकळून मगच पुढे शिजवायचा, नाहीतर विषबाधा होते. बाजारातल्या मिश्र मोडांच्या पाकिटात ज्वारी असेल तर घेऊ नकोस. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. आपल्याकडे पाऊस ताणला की खुरटी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते, ती त्यानेच.

पुण्यात आपल्यासारखा उन्हाळा नाही. इथे वैशाखात सकाळी बांधलेले मूग संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतात, म्हणून आई फडकं दिवसातून दोनदा गार पाण्यातून काढते. तिथे थंडीत उलट त्रास होईल, मोड यायला दीड-दोन दिवस लागतील. रात्री भिजव, सकाळी पाणी काढून सुती फडक्यात सैल बांध आणि उबेला ठेव. घट्ट बांधलंस तर मधले दाणे गुदमरून चिकट होतात. चिकटपणा किंवा वास आला तर सरळ टाकून दे, उकळून वाचवत बसू नकोस. मोड नखाएवढा झाला की पुरे, मग फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपव.

मूग मी इथूनच पाठवतो आहे. काकाच्या शेतातले, पोळ्याच्या सुमारास काढलेले, नवे आहेत. गणंग आईने वेचून काढलेत, तरी भिजवल्यावर एखादा टणक सापडेल, तो काढून टाक. तिकडे कधी संपले तर किराणा दुकानातून अख्खे घे. कुणी पेरणीचं उरलेलं बियाणं दिलं तर चुकूनही खायला वापरू नकोस. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा रंगवलेलंही असतं.

राहिला चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलास तर त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं आणि मोडांनी कमावलेलं वाया जातं. गोळीच्या आधी-नंतरही तासभर चहा-कॉफी नको. सकाळी उठल्याबरोबरचा तुझा चहा मला माहीत आहे. तो घे, पण मुगाची वाटी मग जरा उशिरा खा, किंवा संध्याकाळी भाकरीबरोबर खा. भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठही पिशवीत घातलंय.

पिशवी शनिवारी रात्रीच्या गाडीने तुझा मामेभाऊ घेऊन येईल. पुढची तपासणी डॉक्टर सांगतील त्या तारखेलाच कर आणि आकडा आईला न सांगता आधी मला सांग, ती रात्रभर झोपत नाही.

तुझे आबा