मेट्सचं दुखणं पिचिंगमध्येच

महोदय,

न्यू जर्सीतले आम्ही बरेच मराठी लोक न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे पाठीराखे. 2025चा हंगाम आम्हाला फार लागला. 12 जूनला 45 विजय, 24 पराभव. अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, एवढी चांगली कामगिरी कुणाचीच नव्हती. संपताना आकडा 83-79 आणि प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचं, दार बंद! सिनसिनाटी रेड्स संघाचेही विजय तेवढेच, पण आपसांतल्या सामन्यांत ते सरस ठरले.

जो तो आमच्या ह्वान सोटो या फलंदाजाच्या 76.5 कोटी डॉलरच्या कराराकडे बोट दाखवतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. 43 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे), 38 बेस चोरले (फटका नसतानाही पळून पुढचा बेस गाठला). आणखी काय करायचं त्याने? खरं दुखणं पिचिंगचं, म्हणजे गोलंदाजीचं. त्याच 12 जूनला पहिल्या बेसवर उंच आलेला थ्रो झेलायला उडी घेताना आमचा पिचर कोडाई सेंगा याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तिथून सगळं बिनसलं. सुरुवातीचे पिचर नऊपैकी पाच इनिंगमध्येच (डावांत) थकायचे, पुढचा भार बुलपेनवर, म्हणजे बदली पिचरांवर. मग नोलन मॅक्लीनसारख्या गुणी पिचरला मुख्य संघात घ्यायला ऑगस्टच्या मध्यापर्यंत का थांबवलं?

शेवटच्या दिवशी मायामीत, पाचव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले असताना आमच्या पीट अलोन्सोने सणसणीत फटका मारला, तो थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात. 4-0 अशी हार. पण हंगाम त्या फटक्यावर गेला नाही, जुलै-ऑगस्टमध्येच हातचा गेला होता. मालक स्टीव्ह कोहेन यांनी आता आधी पिचरांवर पैसा लावावा.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी