प्रकल्प विकतचा, प्रश्न घरचा

महोदय,
माझ्या पुतण्याने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयारच आणला. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, सही झाली. आता ते मॉडेल माळ्यावर धूळ खातंय.

आणि मराठवाड्यात प्रश्नांची वानवा आहे म्हणावं, तर तसंही नाही! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बोअरच्या क्षारांनी ठिबकच्या नळ्या तुंबतात. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बांधावर जळतात. परभणीला कृषी विद्यापीठ, संभाजीनगर-नांदेडला शासकीय-अनुदानित अभियांत्रिकी संस्था, वाळूजला सुटे भाग बनवणारे कारखाने. सगळे दिवसभराच्या अंतरात, पण एकमेकांच्या अंगणात कोणी पाऊल टाकत नाही. सामंजस्य करारांचे फोटो तेवढे छापून येतात.

यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि कृषीची पोरं एका गटात घाला, सोबत कारखान्यातला एखादा जुना फोरमन द्या. दोन सत्रं एकच तुंबलेली नळी त्यांच्या हातात ठेवा. गुण शेतकऱ्याच्या वावरात, यंत्र चालतंय का ते पाहून द्यावेत. विद्यापीठांनी येत्या जूनपासून निदान एका तालुक्यात हे करून पाहावं.

— एक निवृत्त फिटर, वाळूज