फॉसेट यांची ओळख अंधत्वापाशी थांबू नये

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दृष्टिहीन कर्तृत्ववानांची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला. त्यात हेन्री फॉसेट यांच्या वाट्याला तीन-चार ओळी आल्या आहेत. शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीमुळे त्यांचे डोळे गेले, तरी ते खचले नाहीत आणि पुढे ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल झाले, एवढा त्यांचा आशय. माहिती खरी आहे. पण ज्या खासदाराला त्याच्या हयातीतच ‘भारताचे सभासद’ म्हणून ओळखले जाई, त्याच्याविषयी मराठी वाचकांना सांगताना भारताचे नावही येऊ नये, याची खंत वाटली. मी स्वतः दृष्टिहीन असून बँकेतील नोकरीतून निवृत्त झालो आहे. आमच्यासारख्यांविषयी लिहिताना काम काय केले हे बाजूला राहते आणि डोळे नसताना केले, याच कौतुकावर लेखणी रेंगाळते. फॉसेट यांच्या बाबतीत तर हा फारच मोठा अन्याय आहे.

अपघात घडला १७ सप्टेंबर १८५८ रोजी, इंग्लंडमधील सॉल्झबरीजवळच्या हार्नम टेकडीवर. फॉसेट तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, केंब्रिजमध्ये गणितात सातवे आले होते आणि वकिली करून पार्लमेंटमध्ये जाण्याचे त्यांनी ठरवले होते. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. समोर मुलगा आहे हे त्यांच्या नीट लक्षात न येता त्यांनी तित्तिरावर बार काढला आणि दोन छरे चष्म्याच्या दोन्ही काचा भेदून गेले. आयुष्याचा बेत बदलायचा नाही, हे आपण दहा मिनिटांत ठरवले होते, असे फॉसेट पुढे सांगत. घरी परतल्यावर त्यांना स्वतःपेक्षा खचून गेलेल्या वडिलांची अधिक काळजी होती. वकिली सुटली, पण अर्थशास्त्राचा अभ्यास वाढला. १८६३ साली त्यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ते केंब्रिज विद्यापीठात त्या विषयाचे प्राध्यापक झाले, आणि केंब्रिज व ब्रायटन येथील निवडणुकांतील पराभवांनंतर १८६५ साली ब्रायटनमधून निवडून आले.

खरी हकीकत येथून सुरू होते. १८६७ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानचे सुलतान लंडनला आले असता त्यांच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या कचेरीत, मोठा नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च भारताच्या महसुलावर टाकण्यात आला. पाहुणा ब्रिटनचा, मेजवानी लंडनमध्ये, आणि पैसे येथल्या शेतसाऱ्यातून! हा कोतेपणाचा कळस आहे, असे फॉसेट यांनी उघडपणे म्हटले. त्याच सुमारास ॲबिसीनियावरील (आजच्या इथिओपियावरील) मोहीम निघाली. तिचे सेनापती रॉबर्ट नेपियर हे मुंबई सैन्याचे सरसेनापती होते आणि तिची जमवाजमव मुंबईतच झाली. त्या युद्धाशी भारताचा काहीही संबंध नसताना सैनिकांचा नेहमीचा पगार भारताच्याच तिजोरीतून द्यायचे ठरले, तेव्हा विरोधात उभे राहिलेल्या मोजक्या सभासदांत फॉसेट होते. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या खर्चाबाबतही त्यांनी तीच भूमिका घेतली.

त्या काळी भारताचा अर्थसंकल्प पार्लमेंटपुढे येई तो अधिवेशनाच्या अगदी शेवटी, बाके जवळजवळ रिकामी झाल्यावर. कोट्यवधी माणसांचा जमाखर्च असा उरकला जाणे फॉसेट यांना असह्य होई. भारतीयांना मत नाही, म्हणून एखादी इंग्रज रेल्वे कंपनी सभागृहावर जेवढा दबाव आणू शकते तेवढाही ते आणू शकत नाहीत, असे ते बजावत. ज्याला प्रतिनिधी नाही त्याच्या पैशाचा हिशेब अधिक कसोशीने तपासला पाहिजे, हे त्यांच्या साऱ्या कामामागचे सूत्र होते. १८६८ साली त्यांनी सनदी सेवेची परीक्षा लंडनबरोबरच कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथेही घ्यावी, असा ठराव मांडला. हीच मागणी पुढे काँग्रेसने वर्षानुवर्षे केली.

भारताच्या अर्थकारणाच्या चौकशीसाठी १८७१ साली पार्लमेंटची समिती नेमली गेली, त्यामागे फॉसेट यांचा पाठपुरावा होता. ते समितीचे सभासद होते आणि साक्षीदारांची उलटतपासणी ते अत्यंत बारकाईने करत. दादाभाई नौरोजी यांनी भारताच्या दारिद्र्याविषयी १८७३ साली साक्ष दिली ती याच समितीपुढे. येथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यातले कष्ट कळतात. सरकारी अहवालांचे जाडजूड खंड त्यांना दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे लागत. ऐकलेला आकडा मागे पान उलटून पुन्हा पाहता येत नाही. तो तेथल्या तेथे मनात नोंदवावा लागतो आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहायचा तर तोही तोंडपाठच असावा लागतो. फॉसेट अशी तयारी करून सभागृहात उभे राहत आणि हातात टिपण न घेता भारताच्या जमाखर्चातील आकडे मांडत. कौतुक करायचे तर या मेहनतीचे करावे. ही मेहनत कोणासाठी होती, हेही त्याबरोबर सांगावे. भारतातील लोकांनी ती ओळखली होती. १८७४ साली ब्रायटनमध्ये त्यांचा पराभव झाला तेव्हा त्यांच्या निवडणूक खर्चासाठी येथे वर्गणी जमवली गेली. त्याच वर्षी ते लंडनमधील हॅकनी मतदारसंघातून पुन्हा निवडून आले.

१८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे प्रमुख, केले, पण मंत्रिमंडळात घेतले नाही. गोपनीय कागदपत्रे त्यांना दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावी लागतील, हे त्याचे कारण सांगितले जाते. त्यांच्या कारकिर्दीत पोस्टल ऑर्डर सुरू झाली, १ ऑगस्ट १८८३ पासून पार्सल टपाल सुरू झाले आणि खात्यातील नोकऱ्यांत स्त्रियांना अधिक वाव मिळाला. मला सर्वांत मोलाची वाटते ती बचतीची योजना. टपाल बचत बँकेत किमान एक शिलिंग भरावा लागे आणि तो एकरकमी काढणे मजुराला जड जाई. फॉसेट यांच्या काळात एक छापील कागद मिळू लागला. त्यावर एकेक पेनीची बारा तिकिटे जमेल तशी चिकटवायची आणि कागद भरला की तो शिलिंग म्हणून खात्यात जमा करायचा. १८८४ साली स्त्रियांच्या मताधिकाराच्या दुरुस्तीला सरकारने विरोध केला, तेव्हा सरकारात पदावर असूनही फॉसेट यांनी सरकारच्या बाजूने मत दिले नाही. त्यांच्या पत्नी मिलिसेंट पुढे त्या चळवळीच्या अग्रणी झाल्या.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खुल्या बाजाराच्या सिद्धांतावर त्यांची इतकी श्रद्धा होती की स्त्री कामगारांचे तास कायद्याने मर्यादित करण्यासही त्यांनी विरोध केला. त्या परंपरेचे सिद्धांत सर्व देशांना सारखेच लागू पडत नाहीत, हे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात स्पष्ट केले. भारताला स्वराज्य द्यावे, असेही फॉसेट कधी म्हणाले नाहीत. कारभार काटकसरीचा आणि न्याय्य असावा, इथपर्यंतच त्यांची मागणी होती. एवढे मान्य करूनही, भारताच्या एका रुपयाचा हिशेब मागायला पार्लमेंटमध्ये फारसे कोणी उठत नसताना ते सातत्याने उठत राहिले, याचे मोल कमी होत नाही. ६ नोव्हेंबर १८८४ रोजी वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

या थोर पुरुषावर, विशेषतः १८७१ च्या समितीतील त्यांच्या कामावर, आपण एखाद्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा आणि तो आपल्या संकेतस्थळावर ध्वनिरूपातही उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा